अकरा दिवस

कोपर, डोंबिवली पश्चिम
२९ जून २०२५, रविवार

धोंडिबा,

वर आशीर्वाद लिहावा म्हणून पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. तीन वर्षांत मी तुला सात वेळा फोन लावला, सातही वेळा तू कापलास. आता मालनला तिच्या जावेकडून कळतं की तुझं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, सरस्वती भाकरी दुधात कुस्करून देते आणि तुझं बोलणं फोनवर कळत नाही. म्हणून पत्र. पत्र फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतो.

तसं काही काम नाही. सहज लिहितो आहे.

माझं सकाळचं तेच आहे. पाचला उठायचं, मशेरी लावायची, आंघोळ, खंडोबाची पूजा, एकशे आठ वेळा नाम, मग डबा घेऊन ठाण्याला. खोपटच्या डेपोपासून आमची संस्था चालत वीस मिनिटं. तू गावात सगळ्यांना सांगायचास, "आमचा दादा ठाण्याला जाऊन उंदीर राखतो. इथं म्हशी काय वाईट होत्या?" तेव्हा राग यायचा. पण अकरा वर्षं मी तेच करतो आहे. पिंजरे धुतो, भुसा बदलतो, दाणापाणी करतो.

आमचे उंदीर पांढरे नसतात. काळे, तुळतुळीत, अंगठ्यापेक्षा थोडे मोठे. सध्या त्यांच्यात दोन प्रकार आहेत आणि दिसायला दोघांत काडीचा फरक नाही. कानाला पाडलेल्या खाचेवरून कोण कुठला ते कळतं. फरक आत आहे. योगिनी मॅडम म्हणून आहेत, तिशीतल्या, वर्तकनगरला आईजवळ राहतात. हे सगळं काम त्यांचं. त्या मलाही समजावून सांगतात. म्हणाल्या, "काका, मेंदूत पुष्कळ कुलपं असतात. शरीराची स्वतःची किल्ली असते, ती लागली की जाग येते, लक्ष लागतं. तंबाखूतलं निकोटीन ही बनावट किल्ली. पण बसते अशी, की जणू तिच्यासाठीच कुलूप केलंय. एकदा फिरायला लागली की मग घर तिचंच."

आमच्या अर्ध्या उंदरांच्या जनुकांत फेरफार करून ते कुलूप जन्माआधीच काढून टाकलेलं आहे. मग पिंजऱ्याला दोन बाटल्या लावतात, एकीत साधं पाणी, दुसरीत निकोटीन. साधा उंदीर थोड्या दिवसांत दुसऱ्या बाटलीकडे वळतो. कुलूप नसलेला चाखतो आणि सोडून देतो. त्याला कुणी समजावलेलं नाही, त्याने बेलभंडारा उचललेला नाही. त्याला फक्त ओढ लागत नाही.

हे मी वर्षभर बघतो आहे आणि मला तू आठवतोस. काय आठवतं ते आज लिहीत नाही.

औषध चालू ठेव.

दादा


१३ जुलै २०२५

धोंडिबा,

उत्तर आलं नाही. मी वाट पाहत नव्हतो, असं मालनला सांगितलं. ती म्हणाली, "मग खाली पत्रपेटीपाशी रोज काय कबुतरं मोजता?"

मागच्या पत्रात बेलभंडारा हा शब्द लिहून गेलो आणि तेव्हापासून मन तिथेच अडकलं आहे. आईची शेवटची संध्याकाळ. हिरडीचा आजार गालापर्यंत आलेला, शब्द कसाबसा फुटत होता. तिने ताट मागवलं, बेलाचं पान, वर चिमूटभर भंडारा. आणि म्हणाली, "दोघं उचला." तू रडत उचललास. मी तुला सोबत म्हणून उचलला. तंबाखूला शिवणार नाही, असं दोघांनी म्हटलं. त्याच रात्री ती गेली.

अकराव्याच्या दिवशी, नदीवर, पिंपळामागे तू हातावर तंबाखू मळताना मला दिसलास. मी भावकीसमोर ओरडलो, "अकरा दिवस! आईच्या शब्दाला अकराच दिवस!" ते एक वेळ सोड. पण पुढच्या वर्षी वर्षश्राद्धाला भटजींनी तुला माझ्या खांद्याला हात लावायला सांगितलं, म्हणजे पिंड दोघांच्या हातचा होतो. आणि मी खांदा काढून घेतला. म्हणालो, "शब्द मोडणाऱ्याचा हात माझ्या अंगाला नको." तू तेव्हा एक वाक्य बोललास. ते मी इथे लिहीत नाही. तू न जेवता गेलास.

त्यानंतर मी आईचं श्राद्ध इथेच, कोपरच्या घरात करतो. दशमीला. तीन वर्षं झाली. पिंड ठेवताना खांद्यावर काही नसतं हे जाणवतं, इतकंच सांगतो. यंदा १६ सप्टेंबरला दशमी आहे. तू यावंस असं मनात आहे, पण तुला बोलवायला मला तोंड नाही.

दुसरं सांगतो. मे महिन्यात आमच्या माद्या व्यायल्या. दोन्ही प्रकारच्या. पिल्लं म्हणजे शेंगदाण्यासारखी, लाल, उघडी, डोळे मिटलेली. घरट्यासाठी संस्थेत मऊ कागद येतो, तो नेमका पंधरा दिवस आला नाही. आणि तिथला एसी तुला माहीत नाही, मला स्वेटर लागतो. आपल्याकडे बाळाला पहिल्यांदा नवं कापड घालतात का? आजीचं जुनं लुगडं फाडून त्यात गुंडाळतात. आईचं जांभळं लुगडं माझ्याकडे होतं. मी ते रिठ्याने धुतलं, स्वयंपाकघरातल्या दोरीवर वाळवलं (बाहेर ग्रिलवर कबुतरं घाण करतात) आणि बोटभर चिंध्या करून प्रत्येक पिंजऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या घरात एकेक घातली. आयांनी ती दातांनी पिंजून असं घरटं केलं की बघत राहावं. नियमात हे बसत नाही. म्हणून कुणाला सांगितलं नाही. कागद आला तरी चालू ठेवलं. दर सोमवारी नवी चिंधी. पिल्लं आता मोठी झाली, तरी चिंधीतच झोपतात, चघळतात.

आईच्या कापडात कुणीतरी झोपतंय, एवढंच बरं वाटतं.

दादा


२७ जुलै २०२५

धोंडिबा,

आमच्याकडे गोंधळ झाला आहे.

मे महिन्यातल्या पिल्लांवर मॅडमचं मोठं काम सुरू व्हायचं होतं. बाटल्या लावायच्या आधी सगळ्यांची लघवी तपासतात, रीत म्हणून. त्यात निकोटीनचा अंश निघाला. ज्यांनी ती बाटली अजून पाहिलेलीही नाही त्यांच्यात! कुलूप असलेल्यांत आणि नसलेल्यांतही. मॅडमनी पाणी तपासलं, दाणा तपासला, बाटल्या नव्या आणल्या. आठ दिवसांनी पुन्हा तोच अंश.

मंगळवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं. "रागावणार नाही. कोणी तंबाखू, गुटखा, सिगरेट? खरं सांगा." बाकीचे खाली बघत होते. मी पुढे होऊन म्हणालो, "मॅडम, माझ्याकडून तरी नाही. मी आईसमोर बेलभंडारा उचललेला माणूस आहे." त्या कसनुशा हसल्या. म्हणाल्या, "तुमच्यावर संशय कोण घेईल, काका. माझंच कुठेतरी चुकलंय."

त्या जुन्या वह्या काढून बसल्या आहेत. डबा उघडत नाहीत. परवा मी चहा ठेवला, तर म्हणाल्या, "काका, मी पहिल्यापासूनच नंबर उलटसुलट केले असतील का हो? आधीचं दोन वर्षांचं सगळं खोटं असेल का?" मला काय कळतंय? मी म्हटलं, देव सांभाळेल. हे मी नेहमी म्हणतो. त्या दिवशी म्हणताना जीभ जड वाटली.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला दिसली आहे. साधे उंदीर मोकळ्या पेटीत सोडले की थांबत थांबत जातात. कोपऱ्यात नाक लावतात, मागे बघतात, नवा उंदीर ठेवला तर त्याच्याभोवती फिरतात. ज्यांचं कुलूप काढलं ते सरळ सुटतात. भिंतीकडून भिंतीकडे. त्यांचं थांबणं कमी. मॅडम म्हणतात, ते कुलूप काही तंबाखूसाठी केलेलं नाही, ते थांबून बघण्यासाठीही लागतं. म्हणजे ओढ लागते त्याच दारातून लक्षही येतं? मग देवाने हे दार केलं ते बरं की वाईट? मी जपाला बसलो की हे मधे येतं. मला नीट विचारताही येत नाही, उत्तर तर दूरच.

आणि व्यसन हे दाराचं काम असेल, तर मी तुझ्या नावाने जे ओरडलो ते कुणावर ओरडलो?

दादा


३ ऑगस्ट २०२५, रविवार

धोंडिबा,

आज सकाळी घडलं ते लगेच लिहितो, उद्या धीर होणार नाही.

रविवारी मी आठवड्याची मशेरी भाजतो. त्याचा तवा वेगळा आहे, मालन त्यावर भाकरी टाकत नाही. पानं काळी झाली, धूर झाला, मालनला नेहमीचा ठसका लागला. वर दोरीवर उद्याच्या चिंध्या वाळत होत्या. ती पदर नाकाला लावून म्हणाली, "अहो, ते आत्याबाईंचं लुगडं तरी काढा तिथनं. तुमची बाळंतीण मंडळी तंबाखूनं माखायची."

मी म्हटलं, "तंबाखू कुठली? मशेरी आहे."

"मशेरी म्हणजे काय मग, गोवऱ्यांची राख?"

"दात घासायची आहे ती."

"दात घासायला दिवसातनं चार वेळा लागते? आणि रविवारी डबी रिकामी असली की घर डोक्यावर घेता, ते काय दातांसाठी?" एवढं बोलून ती पीठ मळायला लागली. तिला वाटलं नेहमीचं भांडण.

मी गॅस बंद केला. पानं तव्यावर तशीच तडतडत होती. आणि श्राद्धाच्या दिवशीचं तुझं वाक्य ऐकू आलं, जे मी लिहिलं नव्हतं. "आणि तुझी मशेरी काय देवाचा अंगारा आहे होय रे दादा?" तेव्हा मला वाटलं, निर्लज्ज माणसाचा उलटा आवाज.

धोंडिबा, मी खोटं बोललो नाही, हे एवढं माझं ऐक. मॅडमसमोर नाही, आईसमोर नाही, इथल्या देवळात मुलांपुढे व्यसनमुक्तीवर बोलायचो तेव्हाही नाही. आठव्या वर्षी आईनेच बोट धरून हिरडीवर फिरवायला शिकवलं. शाळेत जायच्या आधी दप्तर आणि मशेरी. ती मी तंबाखूत कधी मोजलीच नाही. पान मी स्वतः दुकानातून आणतो, स्वतः भाजतो, तरी नाही. डॉक्टरांनी आईला तंबाखूचा आजार म्हणून सांगितलं तेव्हा मी धरून चाललो की दुपारी ती गालात चिमूट धरायची, त्याचा.

आई म्हणाली होती, "दोघं उचला." मला वाटलं, तुला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून. ती मलाही सांगत होती. चार वर्षं मला हे ऐकूच आलं नाही.

मी शपथ मोडली की मोडली नाही? ठाऊक नसताना मोडली तर ती कुणाच्या खाती? भटजींना विचारायचं धाडस नाही. तुला विचारतो आहे.

मॅडमना अजून सांगितलेलं नाही.

दादा


१७ ऑगस्ट २०२५

धोंडिबा,

मागच्या पत्रानंतर सोमवार ते गुरुवार मी गप्प राहिलो. हे तुला कळावं म्हणून लिहितो. त्या चार दिवसांत मॅडम आणखी दोन वह्या उलट्यापालट्या करत होत्या आणि मी शेजारी पिंजरे धूत होतो. चिंध्या मात्र सोमवारीच काढून घेतल्या. उंदीर रिकाम्या पुठ्ठ्याच्या घरात शोधत राहिले.

शुक्रवारी त्या आईशी फोनवर बोलताना ऐकलं. "आई, मला वाटतं हे काम सोडावं. मला साधं मोजताही येत नाही." मग मात्र मी आत गेलो. खिशातून एक चिंधी काढून टेबलावर ठेवली. त्यांना वाटलं, टेबल पुसायला दिली.

सगळं सांगितलं. लुगडं, दोरी, तवा, मशेरी. त्यांनी चिंधी उचलून नाकाशी धरली. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही मला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं." मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "बाहेर बसा." मी बाहेर बसलो. आतून काही आपटल्याचा आवाज आला. तासाभराने चेहरा धुऊन आल्या आणि चिंधी तपासायला पाठवली. अंश तिच्यातच होता, भरपूर. मॅडमच्या वह्या बरोबर होत्या. त्यांचं मोजणं बरोबर होतं. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. रागावून सांगितलं, पण दुसऱ्यांदा सांगताना आवाज हलका झाला होता.

पण ते बेचाळीस उंदीर आता कामाचे नाहीत. जन्मापासून त्यांना लागलेलं आहे. संस्थेत अशांचं काय करतात ते तुला सांगायला नको. पेटीत वायू सोडतात, झोप लागावी तसे जातात. ते काम माझ्याकडे नसतं, मी मागून घेतलं. मॅडम म्हणाल्या, "शिक्षा म्हणून मागत असाल तर देणार नाही." मी म्हटलं, "शिक्षा म्हणून नाही. लुगड्यात मी गुंडाळले, तर पोचवायला मीच पाहिजे." प्रत्येकाला हातात घेतलं. नाम घेत होतो, मधेच मोजत होतो, पुन्हा नाम. दोन्ही प्रकारचे सारखेच ऊबदार होते. अकरा वर्षांत मला या कामाबद्दल जे वाटायचं त्याला एक नाव होतं, सेवा. आता नाव सापडत नाही.

मला नोकरीवरून काढलं नाही. लेखी ताकीद आहे, आणि सहा महिने पिल्लांच्या खोलीत जायचं नाही.

आणखी एक. मी मॅडमना म्हटलं, "माझी लघवी पण तपासा." त्या नको म्हणाल्या, मी हट्ट धरला. शेवटी बाहेरच्या दवाखान्यातून मी स्वतः तपासून आणली. उंदराचा आणि माणसाचा आकडा शेजारी ठेवत नाहीत, असं त्या म्हणाल्या. मग कागद दुमडून परत देत म्हणाल्या, "काका, दिवसभर तंबाखू खाणाऱ्याचा येतो, तेवढाच आहे."

कागदावर माझं पूर्ण नाव छापलं आहे. महिपत. तो देवघरात ठेवला आहे, भंडाऱ्याच्या वाटीखाली.

उद्यापासून मशेरी बंद. शपथ घेतलेली नाही. नुसती बंद.

दादा


३१ ऑगस्ट २०२५

धोंडिबा,

हिशेब देतो.

पहिले दोन दिवस मी मनात म्हणत होतो, हे एवढंच? मनाचा निश्चय पाहिजे, बस्स. हे वाक्य मी तुला किती वेळा ऐकवलं असेल. तिसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. चौथ्या दिवशी जपाची माळ हातात घेतली आणि एकशे आठ पूर्ण व्हायच्या आत उठलो. असं कधी झालं नव्हतं. जप, मशेरीनंतरचा तो जप, त्यातली शांतता नक्की कशाची होती, हे मला आता सांगता येत नाही. हा विचार आला आणि मी घाबरलो. अजून घाबरलेलाच आहे.

सहाव्या दिवशी आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं. मालन म्हणाली, "मीठ बरोबर आहे. तुमची हिरडी ओरडतेय." सातव्या दिवशी, रविवारच्या पाळीला, संस्थेत पिंजऱ्यात नवीन उंदीर बाटलीच्या नळीला तोंड लावून बसलेला दिसला आणि मला त्याचा हेवा वाटला. खरं सांगतो, हेवा. त्याला कुणी शब्द घातला नव्हता.

आठवा दिवस कसा गेला ते आठवत नाही. नववा दिवस मालनने काढला, म्हणजे ती माझ्याशी सारखी बोलत राहिली, गावाकडचं, तुझं, पोरांचं, काहीही.

दहाव्या दिवशी सकाळी गणपती आणायचा होता. नवी पिशवी, रुमाल, टाळ घेऊन खाली उतरलो. मूर्तीच्या दुकानाआधी पानवाला लागतो. मी पाय थांबवले नाहीत, ते आपोआप थांबले. तंबाखूचं पान घेतलं, घरी आलो, सोवळ्याच्या स्वयंपाकात तो काळा तवा गॅसवर चढवला. मालन मोदकाची उकड काढत होती. तिने तव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला हजार गोष्टी बोलता आल्या असत्या. ती एवढंच म्हणाली, "खिडकी उघडा." मग मी बोट हिरडीला लावलं, धोंडिबा, आणि रडायला लागलो. पण बोट काढलं नाही.

नऊ दिवस.

तू अकरा टिकलास. आई गेलेली, घरात पाहुणे, सुतक, डोक्यावर ऊन, आणि सगळ्यांच्या आधी मी तुझ्यावर डोळा ठेवून. तरी अकरा. मी गोडधोडाच्या घरात, बायको शेजारी बसून गोष्टी सांगतेय, तरी नऊ.

मी तुला अकरा दिवस म्हणून हिणवलं, भावकीसमोर. त्या शब्दाची आज मला लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणतानाही कमी पडतो. तुला ओढ होती हे मला ठाऊक नव्हतं. मला ओढ आहे हेही ठाऊक नव्हतं. मी त्या कुलूप नसलेल्या उंदरासारखा एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे पळालो आणि मधे तू उभा होतास, तिथे थांबलो नाही. आणि माझं तर कुलूपही शाबूत होतं.

आता विचारतो. १६ तारखेला दशमी आहे. यंदा पिंड तू ठेव. मी मागे बसून तुझ्या खांद्याला हात लावतो. भटजी काय म्हणायचं ते म्हणोत. तुझं तोंड कसं आहे, प्रवास झेपेल का, हेही विचारायला हवं होतं आधी. ते शेवटी विचारतो आहे, असा मी.

नाही आलास तर मी समजून घेईन, असं लिहिणार होतो. ते खरं नाही.

दादा


१२ सप्टेंबर २०२५

धोंडिबा,

तुझं पोस्टकार्ड काल मिळालं. मालनने जिन्यातूनच हाक मारली, "अहो, आलं!" आणि वर येईपर्यंत तिने ते वाचूनही टाकलं. अक्षर सरस्वतीचं आहे, बोल तुझे आहेत. तिला सांग, मी ते दहा वेळा वाचलं. पाठ झालं आहे. तरी इथे उतरवतो:

"दादा, नऊ वाचून हसलो. तोंड उघडत नाही तरी हसलो, फार दुखलं. सरस्वती मला ओरडली. अकरा नव्हते. सातव्या दिवशी मी गोठ्यात एक चिमूट खाल्ली होती, तुला दिसलं नाही. म्हणजे तूच पुढे. सोमवारी येतो. भात मऊ कर."

सात!

मी चार वर्षं अकरावर तुझा न्याय केला आणि तो आकडाही खरा नव्हता. मला हसू आलं, मग कळेना की हसावं का. मालन तर भिंतीला धरून हसत होती. म्हणाली, "एक सात, एक नऊ. आत्याबाईंनी ताट कुणापुढे धरलं होतं!"

हे तू मला सांगितलंस, सांगायची काही गरज नव्हती. मला वर बसवायला सांगितलंस की स्वतः मोकळा व्हायला, ते मी विचारणार नाही.

मॅडमना कार्ड दाखवलं. त्यांचं काम नव्या पिल्लांवर पुन्हा सुरू झालं आहे. अजून त्या माझ्याशी पूर्वीसारख्या बोलत नाहीत, पण कार्ड वाचून म्हणाल्या, "भावाला मोठ्या दवाखान्यात दाखवा, तोंडाचं अंगावर काढू नका. मी नंबर देते." बुधवारची वेळ घेतली आहे. मी सोबत येणार. नको म्हणू नकोस.

सोमवारी खोपटच्या डेपोत मी दुपारपासून असेन. गाडी कुठलीही असो, तू उतर आणि उभा राहा, मी शोधतो. भात मऊ होईल, मालनने तांदूळ आजच निवडून ठेवला. मंगळवारी पिंड तू ठेवायचा. बेलभंडारा ताटात असेल, पूजेपुरता. तो कुणी उचलायचा नाही.

माझा आज चौथा दिवस आहे. पुन्हा चौथा. तू येशील तेव्हा सातवा असेल.

तुझी तंबाखूची चंची आणलीस तर आण, मी काही म्हणणार नाही. माझी डबी फडताळात वरच्या फळीवर आहे. मालनने लपवलेली नाही, मीही फेकलेली नाही. सोमवारी दोघांनी दोन्ही समोर ठेवून बसू, आणि बघू.

तुझा,
दादा